चिनी लेखन: अक्षर तेच, शब्द निराळा

शाईदौत

‘चिनी अक्षरं अडीच हजार वर्षं तीच आहेत, म्हणून आजचा चिनी माणूस कन्फ्यूशियस सहज वाचतो’ असं मराठीत वरचेवर लिहिलं जातं. या समजाची नीट तपासणी व्हावी म्हणून हा धागा.

ज्ञानेश्वरी उघडली की शब्दांची रूपंच सांगतात, भाषा जुनी आहे, जपून. चिनीत हा इशारा मिळत नाही. अक्षर ओळखीचं असतं, त्याचा आजचा उच्चार करता येतो, आजचा अर्थही लावता येतो आणि वाक्य कसंबसं जुळतंसुद्धा. त्यामुळे चूक झाली हे वाचणाऱ्याला कळतच नाही.

उच्चारांबद्दल: खाली सगळीकडे आजच्या पेइचिंग बोलीचे उच्चार दिले आहेत. प-फ, त-थ, क-ख हा भेद चिनीत खरा आहे आणि देवनागरीत तो सरळ दाखवता येतो, म्हणून तसाच ठेवला आहे. ष मूर्धन्यच वाचावा. सूर (अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार) दाखवलेले नाहीत. रूढ नावं रूढ पद्धतीने.

सुरुवात ‘त्सोउ’पासून. आज अर्थ चालणं. जुन्या लेखनात अर्थ पळणं. इ. स. २०० च्या सुमाराच्या ‘षि-मिंग’ या शब्दकोशात पायरीपायरीने दिलंय: सावकाश जाणं म्हणजे ‘पू’, भरभर जाणं म्हणजे ‘छ्यू’, भरभर ‘छ्यू’ करणं म्हणजे ‘त्सोउ’. कन्फ्यूशियसच्या परंपरेतला तत्त्वज्ञ मेन्सियस याच्या प्रसिद्ध दाखल्यात सैनिक चिलखतं टाकून, हत्यारं फरफटत ‘त्सोउ’ करतात. पन्नास पावलांवर थांबलेले शंभर पावलांवर गेलेल्यांना हसतात. इथे ‘चालू लागले’ असं भाषांतर केलं तरी वाक्य उभं राहतं, फक्त त्यातली पळापळ नाहीशी होते.

पळण्यासाठी आजचा शब्द ‘फाओ’. तोही मुळात पळण्याचा नव्हता. जनावराने पंजाने किंवा खुराने जमीन उकरणं हा त्याचा जुना अर्थ. हांगचौमधला ‘हू-फाओ’ झरा म्हणजे वाघाने उकरलेला झरा. नाव वाचून ‘पळत्या वाघाचा झरा’ असा अर्थ लावणारे चिनी लोकही भेटतात.

तीच गत ‘थांग’ची. आज सूप, पूर्वी कढत पाणी. कन्फ्यूशियसच्या वचनांत वाईट गोष्टीपासून असं मागे सरावं की जणू ‘थांग’मध्ये हात गेला. इथे सूप घेतलं तर वचन हास्यास्पद होतं. जपानीत हेच अक्षर आजही कढत पाण्यासाठी चालतं.

आणि ‘वन’. दारामध्ये कान असं हे अक्षर आहे, अर्थ ऐकणं. आज एकट्या ‘वन’चा अर्थ वास घेणं! ऐकण्यासाठी ‘थिंग’ आला. जुना अर्थ जोडशब्दात टिकला: ‘शिन-वन’ म्हणजे बातमी, शब्दशः ‘नवं ऐकलेलं’.

जाणकारांनी भर घालावी.

अनुस्वार

उत्तम धागा. ‘जुना अर्थ जोडशब्दात टिकला’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझ्या मते तीच किल्ली आहे. सुटा शब्द बदलतो, जोडशब्द आणि म्हणी मात्र जुना अर्थ धरून बसतात. ‘त्सोउ-मा क्वान-हुआ’ ही म्हण आजही रोज वापरली जाते. अर्थ दौडत्या घोड्यावरून फुलं पाहणं, म्हणजे वरवर नजर टाकणं. चालत्या घोड्यावरून फुलं निवांत पाहता येतील, मग म्हणीत काहीच उरत नाही. म्हणून एखाद्या अक्षराचा जुना अर्थ शोधायचा तर आधी ते ज्या चार अक्षरी म्हणींत येतं त्या काढा. निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळतं.

दुसरी बाब याच्या उलट आहे, आणि नवशिके तिथे जास्त घसरतात. आजचे दोन अक्षरी शब्द जुन्या मजकुरात दिसतात, पण तिथे तो एक शब्द नसतो, दोन असतात.

‘छी-त्स’: आज पत्नी. जुन्या मजकुरात छी म्हणजे पत्नी आणि त्स म्हणजे मुलं. राजाने कोणाच्या ‘छी-त्स’ला कैद केलं असं वाचलं तर सगळं कुटुंब धरलं असं समजा.

‘ती-फांग’: आज जागा, ठिकाण. ‘छी राज्याची ती फांग हजार ली’ या वाक्यात ती म्हणजे भूमी, फांग म्हणजे चौरस, ली हे अंतराचं माप. छीची भूमी हजार ली लांब, हजार ली रुंद.

‘ख-यी’: आज ‘करता येतं’. पूर्वी ख म्हणजे शक्य आणि यी म्हणजे ‘च्या आधारे’. कन्फ्यूशियसच्या ‘जुनं उजळून नवं जाणणारा ख-यी गुरू होईल’ या वचनात ‘त्या बळावर गुरू होऊ शकेल’ असा अर्थ आहे. यी वगळलं तर कारणाचा दुवाच तुटतो.

बोरू

इथे कारणही लिहायला हवं, नाहीतर ही नुसती गंमतीदार उदाहरणं वाटतील. चिनी शब्द एक अक्षरी होते ते दोन अक्षरी का झाले? ध्वनी झिजले. आजच्या पेइचिंग बोलीत सूर न धरता सुमारे ४०० अक्षरोच्चार आहेत, सूर धरून सुमारे १,३००. जुन्या चिनीत शेवटी प, त, क, म असे व्यंजनान्त होते, ते उत्तरेत गेले किंवा एकमेकांत मिसळले. वेगळे शब्द सारखे ऐकू येऊ लागले. मग ‘मू’ (डोळा) याऐवजी ‘येन-चिंग’, ‘अर’ (कान) याऐवजी ‘अर-तुओ’. लिहिताना एक अक्षर पुरतं, ऐकताना पुरत नाही.

टाकसाळ

बोरू, किंचित दुरुस्ती. ध्वनिझीज हे एक कारण, एकमेव नाही. हान काळात (सुमारे इ. स. पू. २०० ते इ. स. २००), म्हणजे व्यंजनान्त शाबूत असतानाही, दोन अक्षरी शब्द भराभर वाढत होते. तेव्हा समानार्थी जोड करण्याची लयीची ओढही होती. तुमच्या बाजूने मात्र एक चांगला पुरावा आहे. दक्षिणेतल्या कँटनीज बोलीने प, त, क, म हे अन्त टिकवले, आणि तिथे एक अक्षरी शब्द जास्त उरले. मोज्याला पेइचिंगमध्ये ‘वा-त्स’ म्हणावं लागतं, कँटनीजमध्ये नुसतं ‘मत्’. त्याच कँटनीजमध्ये पहिल्या प्रतिसादातल्या ‘त्सोउ’चा भाऊ अजून पळणं आणि निघून जाणं याच अर्थाने चालतो.

शाईदौत

टाकसाळ, बरोबर. आता ज्या बदलाने संपूर्ण वाक्यरचना हलवली तो लिहितो. तो शब्द म्हणजे ‘षि’.

आज ‘षि’ म्हणजे ‘आहे’. चिनी शिकणारा पहिल्या दिवशी शिकतो. जुन्या चिनीत ‘आहे’ला शब्दच लागत नसे. दोन नामं शेजारी ठेवायची आणि शेवटी ‘ये’ लावायचा: ‘छन षंग च, यांग-छंग रन ये’, म्हणजे छन षंग हा यांग-छंगचा माणूस. आपणही ‘हा माझा भाऊ’ म्हणून वाक्य पुरं करतो, तसंच.

तेव्हा ‘षि’चा अर्थ होता ‘हे’. बदल कसा झाला ते कन्फ्यूशियसच्या वचनात दिसतं: ‘फू यू क्वै, षि रन च सुओ यू ये’. मराठीत अगदी जसंच्या तसं बसतं: ‘धन नि मान, हे सगळ्यांना हवं’. इथला ‘हे’ मागच्या दोन नामांना गोळा करतो. आता शेवटचा ‘ये’ काढून टाका. मध्ये उरलेला ‘षि’ दोन बाजूंना जोडणारा शब्द वाटू लागतो. पिढ्यान्‌पिढ्या असं ऐकत गेल्यावर तो ‘आहे’ होतो.

याचा तारीख सांगणारा पुरावा जमिनीतून निघाला. चांगशाजवळ मावांगतुइ इथल्या तिसऱ्या थडग्याचं उत्खनन १९७३ साली झालं. ते इ. स. पू. १६८ मध्ये बंद झालेलं. त्यातल्या रेशमी पटावर धूमकेतूंची चित्रं आहेत आणि एका चित्राखाली मजकूर ‘षि षि’ असा सुरू होतो: ‘हा आहे केरसुणी धूमकेतू’. पहिला षि जुना, दुसरा नवा. दोन्ही अर्थ एकाच ओळीत, शेजारी शेजारी. छापील ग्रंथांत असं वाक्य मिळालं असतं तर नकलकाराची चूक म्हणून एक षि खोडला गेला असता.

व्यवहारात नियम असा: हानपूर्व मजकुरात ‘षि’ दिसला तर आधी ‘हे’ लावून पाहा. बसलं नाही तर ‘बरोबर, योग्य’ (‘षि-फेइ’, म्हणजे बरोबर-चूक, यात तो टिकलाय). ‘आहे’ सगळ्यात शेवटी.

निर्मळा

वाचनखूण साठवली. एक शंका. ‘संकट’ या अर्थाच्या ‘वेइ-ची’ या चिनी शब्दात धोका आणि संधी अशी दोन अक्षरं आहेत, हे व्याख्यानांत हमखास ऐकायला मिळतं. ते कितपत खरं?

अनुस्वार

निर्मळाताई, पहिलं अक्षर धोका, ते खरं. दुसरं संधी नव्हे. ‘ची’ म्हणजे मूळ अर्थाने आडव्या धनुष्याचा खटका. इ. स. १०० च्या सुमारास श्यू षन याने ‘षुओ-वन’ कोश केला, त्यात व्याख्याच अशी आहे की बाण सुटणं ज्याच्या ताब्यात आहे ती ची. त्यातून दोन फांद्या फुटल्या. एक यंत्राची: ‘फेइ-ची’ (उडतं यंत्र, विमान), ‘षोउ-ची’ (हातातलं यंत्र, मोबाइल). दुसरी निर्णायक क्षणाची: सगळं कुठल्याही बाजूला सुटू शकेल असा क्षण. ‘वेइ-ची’तला ची हा. संधीसाठी ‘ची-हुइ’ असा जोडशब्द आहे आणि तिथे ‘हुइ’ लागल्यावरच तो अर्थ पक्का होतो. जोडशब्दाचा अर्थ त्यातल्या एका अक्षरावर लादायचा, ही या व्याख्यानांतली चूक.

दूरदेशी

संस्कृत-प्राकृतातून गेलेल्या शब्दांवर कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. बौद्ध ग्रंथांच्या भाषांतराने चिनीला जितके शब्द दिले तितके त्याआधी कुठल्याच परभाषेने दिले नव्हते. आणि ते आज कोणाला परके वाटत नाहीत. ‘छा-ना’ म्हणजे क्षण. ‘संग’ म्हणजे भिक्षू, संघावरून. ‘पो’ म्हणजे पात्र. ‘मो-ली’ म्हणजे मल्लिका, चहात घालतात ती. ‘था’ म्हणजे मनोरा: प्राकृत थूप. तांग काळात (सातवं ते नववं शतक) उच्चार ‘थप्’च्या जवळचा होता, म्हणून तेव्हा तो बरोबर बसला, आज शेवटचा प गळाल्याने ओळखू येत नाही. ‘फो’ म्हणजे बुद्ध. तोही तेव्हा ‘बुत्’सारखा उच्चारला जात होता.

काहींसाठी अक्षरच नवं करावं लागलं. मार (बुद्धाला छळणारा) याला ‘मो’. आधी ते दगडाच्या खुणेचं (खूण म्हणजे अक्षरातला अर्थ सुचवणारा भाग), घासणे अर्थाचं अक्षर वापरत. पुढे दगड काढून भुताची खूण घातली. हा बदल लिआंग घराण्याच्या वू सम्राटाने केला अशी परंपरा आहे. जगातलं कुठलंही सैतान आज चिनीत या मारापासून बनतं.

आणखी खोल गेलेले शब्द म्हणजे अर्थाचं भाषांतर केलेले. लोकधातू हा शब्द तोडून ‘षि-चिए’ केला, आज जग म्हणजे षि-चिए. ‘फांग-प्येन’ हा उपाय (ऐकणाऱ्याच्या कुवतीप्रमाणे शिकवण्याची युक्ती) यासाठी. कुमारजीवाने चिनीत आणलेल्या सद्धर्मपुंडरीक या बौद्ध सूत्राच्या दुसऱ्या अध्यायाचं नावच ते. आज फांग-प्येन म्हणजे सोयीचं, आणि झटपट नूडल्सचं चिनी नाव ‘फांग-प्येन-मिएन’.

उच्चारच घ्यायचा की अर्थ, यावर ह्युएन त्सांगने पाच प्रकार सांगितले ज्यांत भाषांतर करू नये: गुप्त मंत्र, अनेक अर्थांचे शब्द, चीनमध्ये नसलेल्या वस्तू (जांभूळ), पूर्वीपासून रूढ झालेले शब्द, आणि ज्यांचं भाषांतर केलं तर आदर कमी होतो ते (प्रज्ञा). भाषांतर करणाऱ्या कोणीही ही यादी भिंतीवर लावावी.

भारताचं आजचं चिनी नाव ‘यिन-तू’ हे त्याचंच. आधी ‘षन-तू’, ‘थिएन-चू’ अशी नावं होती. ती चूक ठरवून त्याने हे पुढे केलं आणि इंदू म्हणजे चंद्र अशी फोड दिली. व्युत्पत्ती चुकीची, सिंधूवरून यायला हवी होती, पण नाव टिकलं. आधीच्यांना चूक म्हणण्याची त्याला सवयच होती: ‘पूर्वी असं म्हणत, ते अशुद्ध’ हे शब्द त्याच्या प्रवासवर्णनात पुन्हा पुन्हा येतात. खरं तर आधीचे बरेच शब्द प्राकृत आणि मध्य आशियाई भाषांतून आले होते. तो ते संस्कृताच्या मापाने मोजत होता.

अवांतर, पण इथे अवांतर नाही: इ. स. ६४६ च्या त्या ग्रंथात महाराष्ट्र आहे. पुलकेशीचा तो देश. आज ती चार अक्षरं ‘मो-ह-ला-छा’ अशी वाचली जातात आणि मराठी माणसाला काहीच ओळख पटत नाही. तिसऱ्या अक्षराला तेव्हा शेवटी त होता, चौथ्याची सुरुवात महाप्राण ठ-सारखी होती. तसं वाचलं की ‘महालत्-ठा’ असं काहीतरी होतं, म्हणजे आपलं प्राकृत ‘महारठ्ठ’. र नसल्याने ल. आजच्या उच्चाराने जुनी नावं वाचू नयेत, याला यापेक्षा जवळचं उदाहरण नाही.

बोरू

जबरदस्त प्रतिसाद. यानंतरची मोठी लाट एकोणिसाव्या शतकाची, ती थोडक्यात. जपानने पाश्चात्त्य कल्पनांसाठी जुनेच चिनी शब्द नव्या अर्थाने उचलले आणि ते चीनला परत आले. ‘क-मिंग’: यी-चिंग या प्राचीन शकुनग्रंथात ‘आकाशाने दिलेला राज्याधिकार पालटणं’, आज क्रांती. ‘चिंग-ची’: ‘जगाचा कारभार लावणं, लोकांना तारणं’ याचा संक्षेप, आज अर्थव्यवस्था. आपल्याकडे कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’चं हेच झालं, तिथे तो राज्यकारभार आहे. ‘ख-श्युए’: राजसेवेच्या परीक्षेचा अभ्यास, आज विज्ञान.

पण सगळं जपानवर ढकलू नका. ‘मिन-चू’ प्राचीन ग्रंथात ‘लोकांचा धनी’, म्हणजे राजा. तो लोकसत्तेसाठी आला १८६४ मध्ये, पेइचिंगला छापलेल्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या चिनी भाषांतरात. अर्थ चक्क उलटला, तोही दोन अक्षरांना हात न लावता: ‘लोकांचा धनी’चं ‘लोक धनी’.

हरलेले शब्दही लक्षात ठेवावेत, कारण १९०० ते १९२० च्या मजकुरात ते भेटतात. टेलिफोनला ‘त-ल्यू-फंग’, समाजशास्त्राला भाषांतरकार यान फूचा ‘छ्युन-श्युए’. १९१९ मध्ये विचारवंत छन तू-शिऊ लोकशाही आणि विज्ञानाला ‘त महाशय’ आणि ‘साइ महाशय’ म्हणतो, ती इंग्रजी उच्चारांची पहिली अक्षरं आहेत.

निर्मळा

‘तो’ आणि ‘ती’ चिनीत लिहिताना वेगळे आणि बोलताना एकच, हे जुनंच का?

अनुस्वार

नाही, शंभर वर्षांचं आहे. ‘था’ म्हणजे मुळात ‘दुसरा’. पुढे तोच तो, ती, ते सगळ्यांसाठी चालला. पाश्चात्त्य पुस्तकांच्या भाषांतरात अडू लागल्यावर लेखक लिऊ पान-नोंग याने माणसाची खूण काढून स्त्रीची खूण असलेलं अक्षर सुचवलं आणि १९२० मध्ये त्याची बाजू लेख लिहून मांडली. कथाकार लू शुनने सुरुवातीच्या कथांत ‘ती’साठी ‘यी’ वापरला होता, तो मागे पडला. निर्जीवासाठीचा ‘था’ म्हणजे तर सापाचं चित्र. म्हणून १९२० पूर्वीच्या मजकुराची नवी आवृत्ती वाचताना ‘ती’ दिसली तर ती संपादकाने घातली असणार. मूळ प्रत पाहिल्याशिवाय त्यावर लिंगाचा निष्कर्ष काढू नये.

टाकसाळ

आवृत्तीचा विषय निघालाच आहे, तर रोज नुकसान करणारी गोष्ट लिहितो: सुलभ अक्षरं, म्हणजे चीन सरकारने कमी रेघांची करून दिलेली. १९५६ ची योजना, १९६४ च्या यादीत २,२३६ अक्षरं. (१९७७ ची दुसरी योजना १९८६ मध्ये मागे घेतली.) रेघा कमी केल्या तोवर ठीक, पण काही ठिकाणी दोन-तीन शब्दांना एकच अक्षर दिलं. ‘होउ’: राणी आणि ‘नंतर’. ‘फा’: केस आणि ‘सुटणं’. ‘मिएन’: चेहरा आणि पीठ-नूडल्स. ‘ली’: अंतराचं माप आणि ‘आत’. ‘कू’: दरी आणि धान्य. ‘कान’: कोरडा, खोड-करणं, ढाल-अडथळा, तिन्ही. ‘युन’: ढग, आणि जुन्या लेखनात ‘म्हणे’.

संगणकाने सुलभ मजकूर पारंपरिक अक्षरांत बदलला की राणीची ‘नंतर’ होते. उपाय: अक्षरागणिक नाही, शब्दागणिक बदलणारं साधन वापरा, आणि नंतर वरची सात अक्षरं एकेक शोधून डोळ्यांनी तपासा. व्यक्तिनावं शेवटी वेगळी तपासा, कारण ‘होउ’ आणि ‘कू’ ही आडनावंही आहेत आणि तिथे साधं अक्षरच मूळ आहे.

उलटा सापळाही आहे. ‘महान विद्या’ या ग्रंथाच्या सुरुवातीला ‘नंतर’साठी मुळातच राणीचं ‘होउ’ आहे. तिथे तत्पर संपादकाने ‘सुधारणा’ केली की दोन हजार वर्षांचा पाठ बिघडतो.

हेच उसन्या अक्षरांचं. कन्फ्यूशियसच्या वचनांच्या पहिल्याच ओळीत ‘षुओ’ (बोलणं) लिहिलंय, पण वाचायचं ‘युए’, आनंद: शिकून वेळोवेळी सराव करणं यात आनंद नाही का. ध्वनीने जवळ म्हणून अक्षर उसनं घेतलं. अर्थ विचित्र लागला की त्याच ध्वन्यंगाची (अक्षरातल्या उच्चार सुचवणाऱ्या भागाची) इतर अक्षरं लावून पाहा.

शाईदौत

टाकसाळ यांच्या प्रतिसादाला जोडून कोशांबद्दल. बारा खंडांचा ‘हान-यू ता त्स-त्येन’ हा कोश प्रत्येक अर्थाला जुनी अवतरणं देतो. आपल्या मजकुराचा काळ आधी ठरवा आणि त्यानंतरच्या अवतरणांचे अर्थ बाद करा. १७१६ चा खांगशी कोश (४७,०३५ अक्षरं, २१४ खुणा) उच्चार आणि जुन्या नोंदींसाठी चांगला, पण त्यातले अर्थ काळाप्रमाणे लावलेले नाहीत. आणि जपानी अर्थ म्हणजे जुना चिनी अर्थ असं धरू नका. ‘थांग’ला ते चालतं. ‘हात-कागद’ या जोडीला नाही: जपानमध्ये पत्र, चीनमध्ये शौचकूपातला कागद. पत्राचा अर्थ जपानमध्येच झाला.

सरावासाठी एक वाक्य. छी राज्याचा मंत्री यान यिंग छू राज्याच्या राजाला सांगतो की ह्वाइ नदीच्या दक्षिणेला लावलं तर संत्रं, उत्तरेला लावलं तर तेच कडू फळ होतं. मग: ‘ये थू शिआंग-स, छी षि वेइ पू थोंग’. आजचे अर्थ: ये पान, थू शिष्य, शिआंग-स सारखं, छी-षि खरं तर, वेइ चव, पू थोंग वेगळी.

निर्मळा

प्रयत्न करते. ‘छी-षि’ तोडायचा: छी म्हणजे त्यांचं, षि म्हणजे फळ? ‘त्यांच्या फळांची चव वेगळी.’ पण ‘थू’ शिष्य इथे बसत नाही.

शाईदौत

छी-षि अगदी बरोबर. हा ‘षि’ म्हणजे भरीव, फळ. ‘आहे’चा ‘षि’ वेगळं अक्षर. ‘थू’चा जुना अर्थ ‘नुसतं, केवळ’. म्हणून: ‘पानं तेवढी सारखी दिसतात, त्यांच्या फळांची चव वेगळी.’